मऊ सळईचा नांगर

धक्क्यावर त्याला सगळे नन्ना म्हणतात. हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नाही. त्याला फोन लावा, नाहीतर वाटेत अडवा आणि विचारा, "काय मग, रविवारी जायचं का म्हातारीवर?" उत्तर ठरलेलं. "नाही." वारा आहे, नाही. वारा नाही पण लाट आहे, नाही. वारा नाही, लाट नाही, पण पाणी उधाणाचं आहे, नाही. आणि सगळं जमून आलंच, तर इंजिनाचा पंप गळतोय म्हणून नाही. जन्मभर नन्नाचा पाढा म्हणणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार, गोड्या?

म्हातारी म्हणजे समुद्राच्या तळाशी पडलेलं कोळशाचं जहाज. नन्ना शाळेत होता तेव्हा ते बुडालं. माणसं सगळी वाचली, कोळसा तेवढा गेला. आता त्या गंजक्या सांगाड्यात मोठमोठे मासे राहायला आहेत, तेही भाडं न देता. गळ टाकून मासे धरायची हौस असलेली माणसं गावात कमी नाहीत. दुकानदार, मास्तर, पेन्शनर, असे दोघं-चौघं होडीत बसवायचे, म्हातारीच्या बरोबर डोक्यावर नेऊन उभे करायचे आणि सगळे हातपाय जागच्या जागी ठेवून परत आणायचे, हा नन्नाचा धंदा.

ऐकायला सोपं वाटतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी असं धावतं की गळाचं शिसं तळाला टेकतच नाही, आणि टेकलंच तर म्हातारीच्या फासळ्यांत अडकून तुटतं. म्हणून चंद्र अर्धा असेल ते दिवस धरायचे. तेव्हा पाणी आळसावलेलं असतं. त्याला भांगाचं पाणी म्हणतात. त्यातही भरती संपली आणि ओहोटी अजून लागली नाही, अशा मधल्या वेळात पाणी जरा उभं राहतं. तेवढ्यातच काय ते मासे. आता नेमक्या त्या वेळेला वारा पडलेला हवा, लांबच्या कुठल्या वादळाची लाट येऊन पोचलेली नसावी, धुकं नसावं आणि गिऱ्हाइकाला सुट्टी असावी. पाणी जमतं तेव्हा वारा जमत नाही. वारा जमतो तेव्हा पाणी धावत असतं. दोन्ही जमतं तेव्हा गिऱ्हाइकाच्या मेहुणीचं लग्न निघतं.

लोकांना वाटतं, नाही म्हणायला काय लागतं? जीभ तर हलवायची! अहो, त्या एका 'नाही'साठी नन्ना आठवडाभर मान मोडून बसतो. रेडिओवरचा अंदाज एक सांगतो, मोबाइलवरचा दुसरं सांगतो, आणि गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघावं तर ते तिसरंच बोलतं. तिघांची भांडणं सोडवायची, आणि मग ज्यांनी गळ, दोऱ्या, डबे सगळं तयार ठेवलंय त्यांना एकेकाला फोन करून सांगायचं. मग शिव्या खायच्या. सलूनवाला तर ऐकवायचाच, "अरे, तुझ्या तोंडात 'हो' कसं दिसतं ते तरी दाखव एकदा! मरायच्या आधी बघून जातो."

हा सलूनवाला नन्नाचा शाळेपासूनचा दोस्त आणि सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. शिव्याही त्याच्याच सगळ्यात जुन्या.

नन्नाची बायको गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ती म्हणायची, "हवा चांगली असली की तुम्ही नसता, आणि हवा वाईट असली की तुम्ही असून नसता." खोटं नव्हतं. चांगल्या हवेच्या दिवशी नातेवाइकांत बारसं असो, लग्न असो, नन्ना समुद्रावर. वाईट हवेत घरीच असायचा, पण खिडकीशी उभा, पडद्याची हालचाल बघत. बायकोनं पानात काय वाढलं हे त्याला जेवण संपल्यावरही सांगता आलं नसतं.

आता नन्ना थकला होता. उजवा खांदा वर जात नव्हता, गुडघे होडीत चढताना आधी परवानगी मागत होते. पण अंगापेक्षा जास्त ते नाही म्हणणंच थकलं होतं. माणसाला तोंडाचाही थकवा येतो हे कुणाला सांगून पटायचं नाही, पण येतो. फोन वाजला की तो चार घंट्या तसाच वाजू द्यायचा. वाटायचं, एकदाची ही होडी कुणाच्या तरी गळ्यात घालावी आणि वारा कुठून का वाहीना, पालथं पडून झोपावं.

आणि गळा पुढे आलाही. जावयाचाच.

जावई वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला. हाताचा कसबी, बोलायला गोड, दोन हंगाम सुट्टीच्या दिवशी सासऱ्याबरोबर म्हातारीवर यायचा. एक दिवस येऊन बसला नि म्हणाला, "मामा, वर्कशॉप सोडावं म्हणतो. होडी माझ्याकडे द्या. पुढच्या हंगामापासून मी चालवतो."

नन्नाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पण तोंडानं तो एवढंच म्हणाला, "बघू."

दुसऱ्या दिवशी लेक आली. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दुकान बंद करून थेट आलेली, चपलासुद्धा दारातच अर्धवट निघाल्या होत्या.

"बाबा, त्यांना नाही म्हणा."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. तुमचं 'नाही' ऐकत मी मोठी झाले. सहलीला? नाही. जत्रेला? नाही. मैत्रिणीकडे राहायला? नाही, उद्या समुद्रावर जायचंय. साऱ्या जगाला नाही म्हणालात ना आजवर? मग माझ्यासाठी एकदा म्हणा. आईनं तुमची वाट बघत जन्म खिडकीत काढला. मला नाही काढायचा."

 नन्नाला आठवलं, ही लहान असताना सकाळी जाग आली की डोळे न उघडता कान द्यायची. अंगणात हातोड्याचा आवाज आला तर बाबा परत आले. आवाज आला की कूस बदलून पुन्हा झोपायची.

त्या हातोड्याचं सांगायला हवं. म्हातारीवर होडी उभी करायची तर नांगर टाकावा लागतो, आणि नांगर त्या लोखंडी सांगाड्यात जाऊन अडकतो. अडकला तरच होडी धरतो, पण मग सुटणार कसा? म्हणून नन्नाच्या नांगराचे चारही आकडे मऊ सळईचे. परत निघायच्या वेळी दोर आवळून बांधायचा, इंजिनाला जोर द्यायचा, की आकडे सरळ होतात आणि नांगर सुटून येतो. दुसऱ्या दिवशी अंगणात दगडावर ठेवून हातोडीनं ठोकायचे, पुन्हा वाकवायचे. दिसायला अगदी भिकार नांगर. धक्क्यावर नवीन माणूस आला की हसतो.

"असं करू," नन्ना शेवटी लेकीला म्हणाला. "येत्या भांगाला सगळा बेत त्यांना आखू दे. दिवस त्यांनी ठरवायचा, वेळ त्यांनी, होडी त्यांनी चालवायची. मी नुसता बसेन. परत आलो की मी काय ते सांगतो. हो तर हो, नाही तर नाही. नाही म्हणालो तर होडी इंजिन-मिस्त्रीला विकून टाकतो. तो कधीचा मागतोय."

"खरं तेच सांगाल?"

"खरं तेच."

"तुम्ही थकलाय बाबा. मला दिसतंय. थकलेला माणूस कशालाही हो म्हणतो," लेक म्हणाली आणि चपला घालून गेली.

बोलणं नन्नाला लागलं. मूठ झाकलेली होती तोवर बरं होतं.

जावयानं बेत आखला तो नन्नाच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर. एका बाजूला भरती-ओहोटीचं वेळापत्रक, दुसऱ्या बाजूला मोबाइल, मध्ये चहाचे कप. नन्ना पाठ टेकून बसला होता आणि मनातल्या मनात गुण देत होता.

"शनिवार, मामा. चंद्र अर्धा होऊन एक दिवस झालेला असेल. पाणी सगळ्यात मंद तेव्हाच."

बरोबर. नवखे लोक नेमका अर्ध्या चंद्राचा दिवस धरतात. पाणी एखाद-दोन दिवस मागूनच आळसावतं.

"वेळापत्रकात भरती जी दिलीय ती धक्क्यावरची. म्हातारीवर पाणी उभं राहायला आणखी तासभर लागतो."

हेही बरोबर. इथं भलेभले चुकतात. पाणी उभं राहिलं समजून धावत्या पाण्यात गळ सोडतात आणि मग माशांना नावं ठेवतात.

"सकाळी वारा जमिनीवरून, हलका. पण दुपारनंतर फिरणार असं तिन्ही अंदाज सांगतात. ओहोटीचं पाणी बाहेर जाणार आणि वारा आत येणार. समोरासमोर आले की लाट ताठ उभी राहील. म्हणजे पाणी वळलं की मासे लागोत न लागोत, आपण निघायचं."

नन्नाला गुण कापायला जागाच उरली नाही. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार, आणि या पोराच्या आडात पाणी होतं. त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला. गार झाला होता.

जावयानं सलूनवाल्याला फोन लावला. "शनिवारी जायचंय. हो. हो, खरंच." पलीकडून काहीतरी मोठ्यानं ऐकू आलं. जावई हसून म्हणाला, "मामा, ते विचारतायत, तुमची तब्येत बरी आहे ना?"

शनिवारी उजाडता उजाडता सगळे धक्क्यावर. सलूनवाला दोन गळ आणि एक मेहुणा घेऊन आला होता. मेहुणा पहिल्यांदाच होडीत बसणार होता आणि ते त्याच्या तोंडावर आत्ताच दिसत होतं. लेक डबा द्यायला आली होती.  हवा म्हणाल तर अशी की समुद्र म्हणजे परातीतलं पाणी.

आणि मग जावयानं पोत्यातून नांगर काढला.

नवा नांगर. स्वतः बनवलेला. जाड पोलादी गज, चार आकडे एकसारखे वळवलेले, प्रत्येक जोड घासूनपुसून असा गुळगुळीत केलेला की बोट फिरवलं तर कुठं जोडलंय ते कळू नये. "मामा, तुमच्यासाठी," तो म्हणाला. "वर्कशॉप सुटल्यावर थांबून थांबून केला. तुमचा तो बिचारा किती वर्षं ठोकून ठोकून वापरताय. खांदा दुखतो तुमचा. आता हातोडा बंद."

सलूनवाल्यानं उचलून पाहिला. "वा! हा काय वाकतोय!"

तेच तर.

नन्नाला बघताक्षणी कळलं. 'नाही' ओठांवर आलं, अगदी दातांपर्यंत. जावयाला आकडे वाकतात हे माहीत होतं, पण त्याला वाटलं होतं ते जुने झाले म्हणून वाकतात. दोन हंगाम तो नांगर सुटताना पाहत होता, ठोकताना पाहत होता, आणि सासऱ्याच्या गरिबीची कीव करत होता. वेल्डरचा हात. जे वाकतं ते त्याच्या लेखी खराब काम. मुद्दाम कुणी कच्चं करेल हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. आणि नन्नानं तरी कधी समजावून सांगितलं होतं? जी गोष्ट आपल्या हाताला पाठ झाली ती सगळ्यांना ठाऊकच आहे असं माणूस धरून चालतो.

एक शब्द पुरला असता. पण समोर जावई, हातांवर ठिणग्यांचे डाग, चेहऱ्यावर असा उजेड. लेक बघतेय. चार माणसांत जावयाचा पाणउतारा कसा करायचा? घरचा झाला म्हणून काय झालं, जावईच तो. परक्याला दहा वेळा नाही म्हणता येतं, आपल्या माणसाला एकदा जड जातं. शिवाय नन्ना खरोखर दमला होता. आणि मनाच्या कोपऱ्यात आणखी एक काहीतरी होतं, ज्याच्याकडे त्यानं बघितलं नाही: आज काही बिनसलं तर लेकीला हवं ते उत्तर आयतंच मिळेल.

"छान आहे," नन्ना म्हणाला.

लेकीनं चमकून बापाकडे पाहिलं. तिला नांगरातलं काही कळत नव्हतं. पण बापाच्या तोंडून इतक्या पटकन निघालेलं 'छान' तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

म्हातारीवर पोचले ते वेळेच्या जरा आधीच. जावयानं मोबाइलवरची खूण आणि किनाऱ्यावरचा मनोरा दोन्ही जुळवून पाहिले, धारेच्या वरच्या अंगाला जाऊन नांगर सोडला आणि दोर देत देत होडी मागे आणली. नांगरानं म्हातारीला धरलं. होडी जिथं थांबायला हवी तिथं थांबली, हातभरही इकडे नाही की तिकडे नाही. पाणी उभं राहिलं आणि सलूनवाल्याच्या गळाची काठी वाकली.

मग काय विचारता! सलूनवाल्यानं मांडीएवढी जाड, सापासारखी लांब वाम ओढली आणि ती होडीत पडल्या पडल्या मेहुण्याच्या बुटाला जाऊन भिडली. मेहुणा बाकावर चढून ओरडायला लागला. ओकायचं विसरला, एवढाच फायदा. जावई हसत होता, गळ सोडवत होता, मधूनच पाण्यावर तरंगणाऱ्या फेसाकडे बघत होता. फेस हलेनासा झाला होता, म्हणजे पाणी अजून उभं होतं. नन्ना मागच्या फळीवर हात मांड्यांवर ठेवून बसला होता. त्याला वाटलं, कित्येक वर्षांत इतका सुंदर दिवस मिळाला नाही, आणि आपल्याला त्याचा घास गिळवत नाहीये.

फेस सरकायला लागला तसा जावई म्हणाला, "चला, आवरा."

"आत्ता? आत्ता कुठं लागायला लागलेत!" सलूनवाला म्हणाला.

"आवरा म्हटलं ना."

दोर आवळून पुढच्या खुंटाला बांधला. इंजिनाला जोर दिला. दोर ताठ झाला, होडी थरथरली. नांगर आला नाही. जावयानं होडी वळवून दुसऱ्या अंगानं ओढ दिली. नाही. पाणी आता चांगलंच ओढायला लागलं होतं आणि समोरून पहिली झुळूक आली, गार. वारा फिरला होता, अंदाजापेक्षा लवकर.

"धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय," सलूनवाला पुटपुटला. 

तिसऱ्या वेळी जोर दिला तेव्हा होडीचं नाक खाली गेलं आणि एक लाट वरून आत आली. डबे तरंगले. मेहुणा आईला हाका मारायला लागला. जावयानं मागे वळून नन्नाकडे पाहिलं. त्या बघण्यात प्रश्न होता, आणि मग हळूहळू दुसरंच काहीतरी उतरलं. नन्नाची बोटं कमरेच्या सुरीवर गेली होती. 'तोडा' म्हणावं, तर बेत त्याचा, आजची होडी त्याची. न म्हणावं, तर होडीत चार जीव. आणखी एक लाट. नन्नानं ठरवलं, पुढची आली की उठायचं.

तो उठायच्या आत जावई बोलला. "मामा, सुरी द्या."

"दोराला डबा बांधून सोड ना!" सलूनवाला ओरडला. "पुढच्या भांगाला येऊन काढू. एवढा चांगला नांगर..."

"दोर वर तरंगत राहील, कुणाच्या तरी होडीच्या पंख्यात जाईल. नको."

नन्नाकडून सुरी घेऊन जावयानं इंजिनाचा जोर कमी केला, होडी पाण्याबरोबर जराशी ढिली होऊ दिली, गुडघ्यावर बसला आणि खुंटाच्या पुढं हात लांब करून दोर कापला. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. होडीचं नाक उचललं गेलं, जावयानं ते घराकडे वळवलं आणि म्हणाला, "पाणी उपसा."

तिघं उपसायला लागले. नन्ना उपसता उपसता विचार करत होता. इतक्या वर्षांत त्यानं धक्क्यावर किती माणसं पाहिली जी दोर कापू शकली नाहीत. स्वतःच्या हातानं केलेली वस्तू, दोन महिने घासलेली, सासऱ्याला नजर केलेली, ती पाण्यात सोडून द्यायची. या पोरानं दोन-तीन ओढींत ओळखलं आणि सोडली. उत्तर मिळालं होतं. खरं तेच सांगीन म्हणून बसला होता, आणि खरं उत्तर 'हो' होतं. पण त्याचा त्याला आनंद झाला नाही. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

लाटा मागं पडल्या, मनोरा मोठा दिसायला लागला. सलूनवाला आणि त्याचा मेहुणा पुढं एकमेकांना टेकून डुलक्या घेत होते. जावई सुकाणूवरून हळूच म्हणाला, "मामा, तुम्हाला ठाऊक होतं."

नन्नानं आणखी एक डबा पाणी उपसून बाहेर टाकलं.

"नांगर बघितलात तेव्हाच ठाऊक होतं. ते आकडे मुद्दाम मऊ ठेवता ना? मला तिथं, तिसऱ्या ओढीला कळलं. मग सकाळी 'नाही' का म्हणाला नाहीत? अख्ख्या गावाला म्हणता."

"तुमचं मन मोडवेना, जावईबापू."

"माझं मन?" जावयाचा आवाज चढला, पण पुढच्यांकडे पाहून त्यानं तो खाली आणला. "मी चार दिवस बेत आखला तो कुणाच्या जिवावर? कुठं चुकलं तर मामा नाही म्हणतील, या जिवावर. तुम्ही छान म्हणालात आणि मी निर्धास्त झालो. बुडालो असतो मामा. चौघंही. माझं मन घेऊन काय करायचं होतं?"

नन्नाला लाज वाटली. गिऱ्हाइकांनी, मिस्त्रीनं, सोयऱ्यांनी त्याला आजवर पोटभर ऐकवलं होतं, पण 'नाही' म्हटलं म्हणून. म्हटलं नाही म्हणून ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ. आणि ऐकवणारा बरोबर होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय?

"चुकलो," तो म्हणाला.

 धक्का जवळ आला तेव्हा जावई म्हणाला, "होडी द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण द्याल तर माझी एक अट आहे. दर वेळी बेत आखून मी तुमच्या टेबलावर आणणार. तुम्ही बघायचा. आणि चुकला असेल तर जावई-बिवई न बघता नाही म्हणायचं. हे जमणार असेल तरच द्या."

गेली झोप! पालथं पडून झोपायचं स्वप्न होतं, ते त्या नांगराच्या शेजारी जाऊन बसलं.

लेक धक्क्यावर उभी होती. दुकानातून लवकर निघाली असणार. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या भिजलेल्या कपड्यांकडे, मग पुढच्या खुंटाला लटकणाऱ्या दोराच्या कापलेल्या टोकाकडे. तिला काही विचारावं लागलं नाही. ती दर्यावर्द्याची लेक होती.

घरी आल्यावर नन्नानं तिला सगळं सांगितलं. नांगराचं, सुरीचं, जावयाच्या अटीचं, आणि स्वतःच्या 'छान'चंही. ते सांगताना त्यानं टेबलावरची नजर उचलली नाही.

"म्हणजे हो," लेक म्हणाली.

"हो. त्यांना येतं. खोटं सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण येतं."

ती रडली नाही. रडली असती तर नन्नाला सोपं गेलं असतं. ती खिडकीशी गेली, आईची खिडकी, आणि परत फिरली. "मग मला एक सांगा. त्यांची अट पाळाल? आज 'नाही' म्हणाला नाहीत. थकलात म्हणून, जावई म्हणून, कशा म्हणून का होईना. पुढच्या वेळी पाळाल?"

"बघू," असं म्हणायला तोंड उघडलं आणि नन्नानं ते मिटलं. असल्या प्रश्नाला तोंडी उत्तर नसतं हे त्याला कळलं होतं.

पुढचे दोन आठवडे तो रोज गच्चीवर गेला. गुडघे कुरकुरत होते, तो त्यांना शिव्या देत होता. जावयानं मऊ सळया आणल्या आणि नन्नानं अंगणात बसून, हात न लावता, नुसतं बोलून त्याच्याकडून आकडे वळवून घेतले. किती मऊ म्हणजे मऊ, ते हाताला कळेपर्यंत तीनदा सरळ करायला लावले.

भांग आला तशी जावई-लेक दोघं संध्याकाळी घरी आली. लेक चहा ठेवायला आत गेली. जावयानं टेबलावर वेळापत्रक पसरलं, मोबाइल ठेवला. दिवस रविवारचा, तो बरोबर, वेळ बरोबर, वारा पडलेला, तिन्ही अंदाज एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेले. सलूनवाल्यानं या वेळी चार गिऱ्हाइकं जमवली होती. जावयाची पहिली पूर्ण भरलेली होडी. तो खुर्चीच्या अगदी टोकाला बसला होता.

नन्नानं बेत एकदा पाहिला. मग पुन्हा. चूक नव्हती. पण दुपारी गच्चीवर त्याला पाण्याच्या कडेला एक लांबट, सावकाश उठणारी लाट दिसली होती. मध्ये बरंच अंतर ठेवून येणारी. कुठंतरी फार लांब काहीतरी झालं होतं आणि ते चालत इकडे येत होतं. अंदाजात ते उद्या दिसेल किंवा दिसणारही नाही. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित रविवार सोन्यासारखा जाईल, गाव हसेल, सलूनवाला वर्षभर ऐकवेल, आणि या पोराचा हंगाम हिरमुसून सुरू होईल.

फार फार दमल्यासारखं वाटलं त्याला.

"नाही," तो म्हणाला.

जावयाचा चेहरा उतरला. त्यानं एकदा वेळापत्रकाकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे. मग मोबाइल उचलून सलूनवाल्याचा नंबर शोधायला लागला.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"बाबा, काय म्हणालात?" लेकीनं आतून विचारलं. तिनं ऐकलं होतं, तरी विचारलं.

"नाही म्हणालो," नन्ना मोठ्यानं म्हणाला.

 तिनं कपाटातून स्वतःसाठी तिसरा कप काढला आणि पातेल्यात आणखी पाणी ओतलं.